प्रवासाची कुपी

"अहवाल चांगला आलाय, म्हणूनच मी आलेय," ती बाई म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला. वाईट कागद हातात घेऊन रडणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. चांगला घेऊन रडणारी ही पहिलीच. त्यांच्या मेहुणीला मात्र कशाचंच नवल वाटत नसे. रसायनशास्त्र शिकवणं सोडून खासगी तपास सुरू केला तरी त्या अजून सगळ्यांच्या मास्तरीणबाईच होत्या.

आलेली बाई शिवणकाम करायची. तिच्या लेकीचं यकृत बिघडलं होतं. डॉक्टरांनी गल्लीच्या टाकीचं पाणी तपासायला लावलं, आणि अहवाल आला की पाण्यात काहीही नाही. म्हणून आज संध्याकाळी पोरीला घरी सोडणार होते.

"नळाला वास येतो हो. सकाळी टाकीत टाकतात त्या जंतुनाशक पावडरीनं डोळे चुरचुरतात, आणि तिच्यामागून एक गोडसर वास. नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरलंय. फिरलं असेल. पण पोर परत त्याच पाण्यात आली तर मी काय करू?" तिने पदराने डोळे पुसले. "एक भाऊ तेवढा माझा. पोर आजारी पडली त्या दिवसापासून लांबून प्यायच्या पाण्याचे डबे वाहतोय बिचारा."

"आणि डॉक्टर पाण्याबद्दल कधी बोलले?"

"आत्ता, गेल्या आठवड्यात."

मास्तरीणबाईंनी चपला पायात सरकवल्या. "भाऊजी, गाडी काढा."

प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ मुलगी कामाच्या रगाड्यात होती आणि तिने ते लपवलं नाही. "पाण्यात आम्ही शोधतो ती द्रव्यं उडून जाणारी असतात. म्हणून कुपी काठोकाठ भरायची, आत बुडबुडासुद्धा नको. झाकण जरा सैल राहिलं तरी सगळं पसार. या कुप्यांत बुडबुडा नव्हता, मी उलट्या करून पाहिल्यात."

"कुप्या? किती होत्या?"

"दोन. एक नळाची, एक प्रवासाची. प्रवासाची आम्ही इथेच शुद्ध पाण्यानं भरतो. ती न उघडता तशीच परत येते. तिच्यात काही सापडलं, तर वाटेत घाण शिरली असं समजायचं. या खेपेला सापडलं. धातू धुवायचं सॉल्व्हेंट. पण नळाची कुपी कोरी होती, म्हणून तेवढंच अहवालात दिलं."

"दोन्ही आलेख दाखवता?"

नळाच्या कुपीची रेषा सपाट होती. प्रवासाच्या कुपीत एक मोठा सुळका आणि बाजूला बारका उंचवटा.

"हा बारका कशाचा?"

"क्लोरोफॉर्म. पावडर टाकलेल्या पाण्यात थोडा असतोच," मुलगी म्हणाली आणि तिला फोन आला.

नमुने गोळा करणारा माणूस प्रयोगशाळेच्या अंगणात स्कूटरचं चाक काढून बसला होता. "त्या दिवशीपण हिनंच दगा दिला बघा. कुप्या भरून निघालो आणि चाक बसलं. त्या बाईचा भाऊ म्हणाला, मी त्याच वाटेनं कारखान्यात चाललोय, पेटी देतो. भला माणूस. भरतानाही शेजारी उभा राहून शंभर प्रश्न. ही दुसरी कशाला? म्हटलं, सोबतीला असते बाबा."

"लेबलं पक्की होती?"

"बर्फाच्या पेटीत कसली पक्की? ओली झाली की सुटतात."

गाडीत बसल्यावर वकिलांनी निकाल देऊन टाकला. "हाच तो. एकदाही डोळ्यांत बघून बोलला नाही."

"पंक्चर काढताना कोण डोळ्यांत बघतं, भाऊजी?"

शिवणकामवालीच्या स्वयंपाकघरात तिचा भाऊ डबा उतरवत होता. त्याची बोटं पांढरीफटक आणि भेगाळलेली होती. नवरा पोरीला आणायला गेला होता.

"बसा सगळे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचं पाणी अहवालात फारच स्वच्छ निघालं. टाकीत रोज पावडर पडते. मग क्लोरोफॉर्मचा अंश हवाच. नळाच्या कुपीत तो नाही, आणि जी कधी उघडलीच नाही तिच्यात आहे. बरं, वाटेत सॉल्व्हेंट शिरलं म्हणावं, तर एकाच पेटीतल्या एकाच कुपीत कसं शिरेल? लेबलांची अदलाबदल झालीय. सॉल्व्हेंट तुमच्या नळाच्या पाण्यातलं आहे."

"त्या स्कूटरवाल्यानं," वकील म्हणाले.

"त्याला नुसतं झाकण सैल ठेवून भागलं असतं, सगळं उडून गेलं असतं. त्या मुलीला आकडा बदलता आला असता. सोबतीची कुपीसुद्धा तपासतात, हे दोघांनाही ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानंच लेबलं बदलली. पेटी वाटेत त्याच्याच हातात होती. त्याची बोटं रोज सॉल्व्हेंटमध्ये असतात. आणि डॉक्टरांच्या कितीतरी आधी त्याला पाणी वाईट आहे हे कळलं होतं, म्हणून तो डबे आणत होता."

बहिणीने भावाकडे पाहिलं. त्याने डबा बाजूला सरकवला.

"मालक म्हणाला, वापरलेलं सॉल्व्हेंट कारखान्यामागच्या कोरड्या बोअरमध्ये ओत. मी ओतत गेलो, ताई. इथल्या टाकीच्या बोअरला लागेल हे डोक्यातच आलं नाही. मग पोर आजारी पडली, आणि तुझ्या नळाला माझ्या हाताचा वास आला." तो रडायला लागला. "तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? वाटलं, प्यायला चांगलं दिलं की बरी होईल."

"ती आंघोळ कुठल्या पाण्यानं करायची?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं. "बंद मोरीत, कढत पाण्यानं? ते वाफेबरोबर श्वासात जातं."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

बाहेर रिक्षा थांबली. पोरगी बापाच्या खांद्यावरूनच ओरडली, "मामा, पाणी दे."

तो उठला, पण बहीण आडवी आली. डब्यातलं पाणी तिने स्वतः ओतलं आणि लेकीच्या ओठाला लावलं. मग वळली.

"माझ्या पोरीला डबे आणलेस. शेजारच्या पोरांना कोण आणत होतं?"

तिने दाराकडे बोट दाखवलं.

"जा. एकेक दार वाजव. हे पाणी पिऊ नका, त्यानं आंघोळ करू नका म्हणून सांग, आणि का ते पण सांग. शेवटचं दार झाल्यावर हे वकीलसाहेब तुला पोलिसांकडे नेतील. मी येणार नाही."

वकील त्याच्यामागून निघाले. त्याने पहिल्या दाराची कडी वाजवली. आतून एक लहान मूल दार उघडायला आलं, हातात पाण्याचा पेला घेऊन.