दोनशे बारा आवाज

रूट करायचाय म्हणतोस? कर बाबा. फोन तुझा, बोटं तुझी. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, चौथीत शाळा सुटली, मला त्यातलं काय कळणार! पण वर जायच्या आधी जरा बसा सगळे. लिफ्ट तशीही बंद आहे. पोरी, तू भिंतीकडे सरक, पाठीला आधार घे. माझ्या ओळखीतल्या एकाने असाच एक फोन रूट केला होता, त्याचं सांगतो. मधे मधे विचारू नका. मला सावकाशच सांगता येतं.

माझ्या दुकानाला लागून त्याचं दुकान होतं. मोबाइल दुरुस्तीचं. सगळा बाजार त्याला डॉक्टर म्हणायचा. पाण्यात पडलेला, गाडीखाली आलेला, पोराने चावलेला, कसलाही फोन आणा, संध्याकाळपर्यंत बोलायला लागायचा. हात सोन्याचे होते त्याचे. जीभ मात्र सैल. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं, म्हणून त्याच्या मनात काय चाललं होतं तेही मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. दुपारी त्याची वहिनी दुकानात आली. पिशवीत रुमालात गुंडाळलेला एक फोन होता. डॉक्टरच्या थोरल्या भावाचा.

भाऊ ट्रक चालवायचा, लांबच्या पल्ल्याचा. महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगी सात वर्षांची, तिला घरात चिमी म्हणत. हा रोज रात्री कुठेतरी गाडी लावायचा आणि तिच्यासाठी फोनमध्ये बोलून ठेवायचा. आज रस्त्यात एक उंट दिसला. आज एका पोलिसाने माझ्याकडे बघून शिट्टी वाजवली, पण मला नाही, म्हशीला. असलं काहीबाही. घरी आला की बापलेक एका उशीवर डोकं ठेवून ते ऐकायचे. असे दोनशे बारा आवाज साठले होते.

जूनमध्ये तो गेला. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, इंजिन चालू, आणि हा स्टिअरिंगवर डोकं टेकून. सकाळी दुसऱ्या ड्रायव्हरने काच ठोठावली, तेव्हा कळलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "फोन फार दमलाय हो. दोन मिनिटं आवाज चालतो की बंद पडतो. मग परत चालू होतो. काल चिमी अर्ध्यात उठून रडायला लागली."

डॉक्टरने फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "जागा भरलीये. कंपनीने नको ती ॲप्स कोंबलीयेत, काढता येत नाहीत. वहिनी, रूटच करून टाकतो."

"म्हणजे काय करणार?"

"आत्ता या फोनात आपण भाडेकरू. खिळा ठोकायचा तरी कंपनीला विचारा. रूट केला की घर आपलं. भिंत पाडा, नाहीतर खिडकी काढा."

"आणि भिंत पाडताना छप्पर आलं अंगावर तर?"

डॉक्टर हसला. "येतं कधी कधी. नवशिक्याच्या हातून. मग फोनची वीट होते. पापड वाळवायला ठेवा त्याच्यावर."

"चेष्टा नका करू. गॅरंटी जाते ना?"

"ती केव्हाच गेली."

"आणि बँकेचं ॲप चालत नाही म्हणे. शेजारचा मुलगा सांगत होता."

"नाही चालत कधी कधी. रूट केलेलं घर म्हणजे दाराला कडी नाही. मालक जातो तसा चोरही जातो. बँकेला ते पटत नाही. पण तुम्हाला याच्यावर बँक कशाला हवीये?"

"मग फायदा काय ते तरी सांगा."

"नको ते सगळं उचकटून फेकता येतं. जुना फोन पळायला लागतो. आतल्या खोल्यांत जाता येतं, जिथे एरवी आपल्यालाही जाऊ देत नाहीत. अजून पाच वर्षं चालेल हा."

वहिनीने रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "भाऊजी, फोन गेला तर गेला. आवाज राहिले पाहिजेत. चिमी त्याशिवाय झोपत नाही. मी काय म्हणते, एकेक आवाज वाजवून माझ्या फोनवर उतरवून घेऊ का? बंद पडला तर परत लावू. मी बसते रात्र रात्र."

"दोनशे बारा? हाताने?" डॉक्टर म्हणाला. "मग मी कशाला आहे इथे?"

एवढं बोलला आणि फोन खणात टाकला. वहिनी दुसऱ्या दिवशी चिमीला घेऊन माहेरी जाणार होती, चार तासांच्या अंतरावर. गुरुवारी सकाळी परत. "तोवर तयार ठेवतो," हा म्हणाला.

आता एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. हे दोघे भाऊ तीन वर्षं बोलत नव्हते. तीन वर्षांपूर्वी थोरल्याने हाच फोन डॉक्टरकडे काच बदलायला दिला होता. डॉक्टरने काच बदलली आणि आतले निरोपही वाचले. भाऊ वेगळं घर बघत होता. आईला तो सवडीने, समजुतीने सांगणार होता. डॉक्टरने त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं. आईने जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. मी माझ्या टेबलावर होतो, मी ऐकलंय. ओरडला नाही तो. एवढंच म्हणाला, "काच बदलायला दिला होता. आत तुला कुणी बोलावलं होतं?"

त्यानंतर एक शब्द नाही. डॉक्टर मला म्हणायचा, "येईल झक मारत. फोन बिघडला की येईल." फोन बिघडला. पण तोवर भाऊच गेला होता.

बुधवार, एकोणीस तारीख. रात्रीचे साडेदहा. डॉक्टरने शटर अर्धं खाली ओढलं आणि टेबलावरचा दिवा लावला. फोन संगणकाला जोडला.

त्याला हे पक्कं माहीत होतं की रूट करायच्या आधी कंपनीचं कुलूप काढावं लागतं, आणि कुलूप काढताना फोन आतलं सगळं पुसतो. म्हणून आधी उतरवून घ्यायचं. त्याने उतरवून घेतलं. फोटो आले. आवाज आले. संगणकावर मोजले, बरोबर दोनशे बारा.

आता साधी रीत आहे. आमच्या कामातही आहे. घड्याळ जोडलं की कानाला लावून बघायचं. उतरवलेला एखादा आवाज वाजवून बघायचा. डॉक्टरने हजार फोनांत तसं केलं होतं. त्याने पहिल्या आवाजावर बाण नेला... आणि बोट उचललं.

तो आवाज त्याला ऐकायचा नव्हता. तीन वर्षं जो आवाज आपल्याशी बोलला नाही, तो आता मुलीशी लाडाने बोलताना कोण ऐकणार? "मोजलेत ना," तो स्वतःशी म्हणाला. "बस झालं."

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने कुलूप काढायचा हुकूम दिला. फोनवर काळा पडदा आला. इंग्रजीत चार ओळी. सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही. खाली दोन शब्द. वर ‘नाही’, खाली ‘हो’. आवाज कमी-जास्त करायच्या बटणांनी खाली-वर जायचं, आणि चालू-बंदच्या बटणाने पक्कं करायचं.

डॉक्टरने बटण दाबलं. निवड ‘हो’वर आली.

मग आपोआप वर सरकली. ‘नाही’.

त्याने परत खाली आणली. परत वर गेली.

बटण अडकतंय, त्याला वाटलं. जुना फोन, ट्रकमधली धूळ. त्याने फोन उघडला, बटण काढलं, स्पिरिटने पुसलं, कोरडं केलं, बसवलं. तपासलं. बटण नव्यासारखं टकटक वाजत होतं.

निवड खाली आणली. ‘हो’.

हात बाजूला केले. दोन्ही हात त्याने टेबलावर पसरून ठेवले, असे.

‘नाही’.

घाईने नाही गेली हो. हळू. एखाद्याने समजावून सांगावं तशी.

शहाणा असता तर तिथेच थांबला असता. पण त्याला राग आला. म्हणाला मला, "काका, भीती नाही वाटली, राग आला. हा मेल्यावरही मला अडवतोय असं वाटलं." त्याने खालचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. घट्ट. नख पांढरं होईपर्यंत. बटण वर यायला बघत होतं. खालून कुणीतरी ढकलावं तसं... त्याने दुसऱ्या अंगठ्याने चालू-बंदचं बटण दाबलं.

फोन एकदा थरथरला.

सगळं पुसलं गेलं.

पुढचं काम सरळ झालं. नवी प्रणाली बसली. रूट झालं. फोन भराभर चालायला लागला. डॉक्टर खूश. पाऊण वाजला होता. त्याने संगणकावरचे आवाज परत फोनमध्ये भरले. आणि आता तरी एक वाजवू म्हणून पहिला लावला.

शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

दुसरा. शून्य.

पन्नासावा. शून्य.

दोनशे बारावा...

नुसती नावं आली होती. खरे आवाज बोलून ठेवायच्या ॲपच्या आतल्या खोलीत होते. त्या खोलीत रूटशिवाय जाता येत नाही. आणि रूट करायला फोन पुसावा लागतो. डॉक्टरला हे माहीत नव्हतं असं नाही. रोज गिऱ्हाइकांना सांगायचा तो.

पुसलेलं शोधून काढणारं एक ॲप त्याच्याकडे होतं. ते त्याने फोनमध्ये टाकलं. अशा वेळी रूट केलेला फोन मालकाला विचारतो, या ॲपला पूर्ण मोकळीक द्यायची का? तशी चौकट आली. पण ॲपचं नाव जिथे असतं तिथे काही नव्हतं. कोरं.

‘मोकळीक हवी आहे. द्यायची?’

खाली आकडे उलटे चालले होते. दहा. नऊ. आठ.

शोधणारंच ॲप असेल, त्याने म्हटलं. दिली मोकळीक.

काही नाही.

बाहेर रस्ता सुना. पंखा बंद होता.

मग फोनमधून घरघर आली. बारीक. त्याने कान लावला.

इंजिन. ट्रकचं. एका जागी उभ्या गाडीचं.

पडद्यावर काहीच चालू नव्हतं. कोरा पडदा. आवाज येत होता.

मग कुणीतरी खोकलं. घसा साफ केला. बोलायच्या आधी माणूस करतो तसा.

डॉक्टर थांबला. इंजिन चालूच.

श्वास येत होता. जवळून. माणूस अगदी तोंडाशी फोन धरून बसलाय, आणि बोलत नाहीये...

"दादा?" डॉक्टर म्हणाला.

श्वास थांबला.

"दादा, मी आहे रे... बोल ना."

इंजिन बंद झालं.

ट्रकचं दार उघडलं. चपलांचा आवाज. दार लागलं... आणि पावलं. खडीवरून. लांब. लांब...

पडदा काळा झाला.

डॉक्टर सकाळपर्यंत तिथेच बसला होता. मी आठला दुकान उघडायला गेलो, तर याचं शटर अर्धं, आत दिवा चालू. मला बघून म्हणाला, "काका, तो माझ्याशी बोलला नाही." एवढंच. मला वाटलं ताप आहे. कपाळाला हात लावला, थंडगार होतं.

दहाच्या सुमारास वहिनी आणि चिमी बस-स्टँडवरून थेट दुकानात आल्या. डॉक्टरने वहिनीला सगळं सांगितलं. खोटं नाही बोलला, एवढं त्याच्या बाजूने म्हणतो. वहिनीने आरडाओरडा केला नाही. खुर्चीवर बसली, पदर मुठीत धरला आणि म्हणाली, "मी म्हटलं होतं, एकेक वाजवून घेऊ. मी बसले असते हो भाऊजी."

मला वाटतं त्याला कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

फोन टेबलावर पडला होता. डॉक्टरने तो दाखवायला उचलला, तर उघडेना. बोट मागत होता. त्या फोनला आधी कधीच बोटाचं कुलूप नव्हतं, वहिनीनेच सांगितलं तसं. रात्री सगळं पुसल्यावर यानेही लावलं नव्हतं. डॉक्टरने दहाच्या दहा बोटं लावून बघितली. वहिनीने लावली. मी लावलं. फोन नुसता थरथरायचा.

चिमीने तो काकाच्या हातातून ओढून घेतला. तिचा अंगठा लागला, आणि उघडला.

रात्री ती चार तासांच्या अंतरावर आजीच्या कुशीत झोपलेली होती. आणि आत एकच बोट नोंदलेलं होतं. तिचं.

मी वाकून बघितलं. आत काही नव्हतं. एक फोटो नाही, एक आवाज नाही. धुतलेल्या पाटीसारखा.

पण पोरीने तो कानाला लावला. चांगला वेळ धरला. मग तिने काकाकडे बघितलं, आणि तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाली,

"काका, तू जरा बाहेर थांब ना."