मागची जागा

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. मी जुन्या फोटोंतली विमानं ओळखतो. उभा जन्म विमानांच्या दुरुस्तीत गेला, त्यामुळे नुसतं शेपूट दिसलं तरी मला पुरतं. बायको म्हणते, “आपल्याच लग्नात माझी सख्खी मावशी ओळखली नाहीत, आणि चाकावरून विमान बरं ओळखता!” खरंच आहे ते. माणसं फोटोत उगाच लुडबुड करतात. म्हणून मी आधी त्यांच्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो, मगच भिंग हातात घेतो.

त्या सकाळी चाळिशीतल्या एक शिक्षिका फोटो घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतः विमान बांधलं होतं. फोटोत ते विमानात बसलेले. बाजूला गवतावर आई, तिच्या कडेवर तान्ह्या असलेल्या ह्याच बाई, आणि आईचा हात धरून उभा असलेला त्यांचा दादा. फोटो काढून झाल्यावर वडील उडाले ते परतलेच नाहीत. त्याच दिवसापासून दादाचाही पत्ता नाही.

“आई अंथरुणाला खिळलीय. दादा येईल म्हणून अजून जीव धरून आहे,” बाई म्हणाल्या. “तिला एवढंच कळायला हवंय, काका. त्यात दोघं बसू शकत होते का?”

फोटो माझ्याकडे ठेवून त्या गेल्या. मी पट्टी ठेवली आणि कामाला लागलो. पंख खांद्याच्या उंचीवर, चाकं मोटरसायकलची, इंजिन कुठल्यातरी जुन्या मोटारीचं. हौशी लोकांसाठीचा तो आराखडा फार थोड्यांनी बांधला असेल, पण मला तो पाठ होता. बसायला एकच जागा. मागे पेट्रोलची टाकी, तिथे मांजरही मावलं नसतं.

दुपारी फोन करून मी छातीठोकपणे सांगितलं, “एकट्याचंच विमान आहे.”

पलीकडे कुजबुज झाली. “आई म्हणते, पुन्हा बघा.”

मला रागच आला. तरी बघितलं.

टाकी नव्हती. वडिलांच्या मागे दुसरी जागा होती, काठाला नीट चामडं शिवलेली. त्यातून एक लहान डोकं वर आलं होतं.

मी भिंग पुसलं. चष्मा पुसला. मग पट्टी उचलली.

आईचा हात तसाच खाली होता, बोटं मिटलेली. त्या हातात कोणी नव्हतं.

मी काही भित्रा माणूस नाही, पण माझी पाचावर धारण बसली. बायकोला हाक मारायला उठलो.

फोन वाजला.

“आई गेली, काका.” बाई रडत होत्या, पण रडण्यात सुटका होती. “एकदम डोळे उघडले. ‘थांबा, आलेच,’ म्हणाली, आणि गेली. तुम्ही पुन्हा बघितलंत ना? दोघं होते?”

“हो,” मी म्हटलं. “दोघं होते.”

तिघं होते.

गवतावर आता कोणीच उभं नव्हतं. दुपट्यातलं बाळ तेवढं पंखाखाली ठेवलेलं होतं.

“फोटो न्यायला येते मी,” बाई म्हणाल्या. “आता माझं म्हणून तेवढंच उरलंय.”

“नका येऊ.”

“का हो?”

काय सांगणार होतो? आईच्या मागे आणखी एक जागा झाली होती. ती रिकामी होती. तिचा पट्टा बाहेर लोंबत होता आणि बक्कल उघडं होतं.