अकरा वर्षांच्या तारा

बेस गिटारच्या तारा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी बदलाव्यात, असा या धंद्यातला साधा नियम. नवी तार दोन दिवस ताणत राहते, सूर सोडते. आयत्या वेळी बदलली तर स्टेजवर फजिती ठरलेली. कार्यक्रम शनिवारी दुपारी चारला होता, म्हणजे तारा बुधवारी बदलायला हव्या होत्या. एवढं सोपं गणित, पण धाकट्याचं काही केल्या ठरत नव्हतं.

धाकटा हे त्याचं बँडमधलं नाव. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि केसभर फरकासाठी स्वतःशीच भांडायचा. गिटार मोठ्या भावाची. दादा फेब्रुवारीत गेला, जिना चढताना छातीत कळ येऊन. मग वहिनीनेच गिटार धाकट्याच्या हाती दिली आणि बँडने त्याला दादाच्या जागी उभं केलं. गिटारवरच्या चार तारा अकरा वर्षांच्या होत्या. तार तुटेपर्यंत बदलायची नाही, असा दादाचा हट्ट; त्याने त्या कधी पुसल्याही नव्हत्या. बोटं पडायच्या त्या जागी तारा काळ्या झाल्या होत्या आणि हात लावला की लोखंडाचा आंबूस वास यायचा.

मंगळवारच्या सरावात साउंडवाला वैतागला.

"तारा आहेत की सुतळ्या? मेल्यात रे त्या कधीच. बदल एकदाच्या."

"बघतो," धाकटा म्हणाला.

त्याची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली होती. स्वतःच्या वकुबाबद्दल त्याला भ्रम नव्हता. तो बेताचंच वाजवायचा. पण या तारांवर तो दादासारखं वाजवायचा, अगदी हुबेहूब. कधी न शिकलेल्या जागा हाताला आपोआप सापडायच्या. सुरुवातीला त्याला याचा आनंदच झाला. मग त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकेनाशी झाली.

दादाची करंगळी लहानपणी दारात सापडून आखडली होती, त्यामुळे तो तीन बोटांवरच वाजवायचा. धाकट्याची करंगळी ठणठणीत होती. पण आधी वाजवताना, आणि या रविवारपासून दुकानात काच धरतानासुद्धा, ती ताठ उभी राहू लागली. डॉक्टरने फोटो काढला. हाडात काहीच नव्हतं. "टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाला. सोमवारी दुकानात आलेल्या मालाच्या कागदावर सही करताना त्याने दादाची सही केली. खोडली, आणि पुन्हा तीच केली. मालक हसला.

बुधवारी संध्याकाळी त्याने मनाचा हिय्या केला. खुंट्या सैल केल्या, तारा एकेक करून उतरवल्या, त्यांचं वेटोळं पाकिटात घातलं, पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि नव्या तारा चढवल्या. गुरुवारी सकाळी दात घासताना करंगळी वाकली. तो आरशासमोर उभा राहून ती पुन्हा पुन्हा वाकवत राहिला आणि त्याला रडूच आलं.

सरावात मात्र त्याची पार दाणादाण उडाली. बँड गायिकेचा, तिने तिसऱ्या गाण्यातच सगळ्यांना थांबवलं.

"आज काय झालंय तुला?"

"तारा नव्या आहेत. अजून बसायच्यात."

"तारांचं राहू दे. हातच वेगळा लागतोय तुझा." ती जरा घुटमळली. "शनिवारी असंच वाजणार असेल ना, तर सोमवारपासून मला दुसरं कुणी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

तो सातला घरी पोचला. वहिनी वरच्या मजल्यावर राहायची, तो खाली. ती जिन्यातच उभी होती, डोळे सुजलेले आणि चेहरा हसरा.

"भाऊजी, आज पाच वाजता काय सुंदर वाजवलंत! तासभर जमिनीला कान लावून बसले होते मी. अगदी यांच्यासारखं."

"पाच वाजता मी सरावाला होतो, वहिनी."

"मग खाली कोण होतं?"

तिची नजर त्याच्या खांद्यावरच्या गिटारकडे गेली.

खोलीचं दार बंद होतं. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. पाकीट जागेवर होतं. आतल्या तारा गरम लागल्या, बराच वेळ मुठीत धरलेल्या किल्लीसारख्या. त्याने पाकीट परत ठेवलं आणि साबणाने तीनदा हात धुतले. वास गेला नाही.

शुक्रवारी वहिनी खाली आली. फेब्रुवारीपासून ती या खोलीत पाऊल टाकत नव्हती.

"त्या तारा एकदाच लावा, भाऊजी. उद्या मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

"मला भीती वाटते, वहिनी."

"कशाची? ते तुमचं काही वाईट करतील का?"

धाकट्याने करंगळीकडे पाहिलं. सांगितलं तर वहिनी आणखीनच आशेला लागेल, हे त्याला कळत होतं.

"आठ महिने मी नुसतं ऐकतेय," ती म्हणाली. "एकदा मला बघायचंय."

तो नाही म्हणू शकला असता. पण बँडमधली जागा जात होती, समोर वहिनीचा चेहरा होता, आणि प्रश्न एका दुपारचा होता. शेवटचं गाणं झालं की स्टेजवरच तारा उतरवायच्या, असं त्याने स्वतःला बजावलं.

शनिवारी एक वाजता, हॉलच्या मागच्या खोलीत त्याने जुन्या तारा चढवल्या. एकदा उतरवलेली तार सहसा पुन्हा नीट बसत नाही, वळलेल्या जागी तुटते. या मुकाट्याने बसल्या. सूर लावायला त्याने चौथी तार छेडली, तर ती सुरात होती. चारही सुरात होत्या. सुरासाठी खुंट्या त्याने अजून पिळल्याच नव्हत्या.

पडदा उघडला.

पहिल्या गाण्यात करंगळी ताठ झाली.

दुसऱ्या गाण्यात त्याने तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

तिसऱ्या गाण्यात गायिकेने दचकून मागे पाहिलं आणि तिची ओळ चुकली.

वहिनी पहिल्या रांगेत होती. सगळे टाळ्या वाजवत होते. ती हात मांडीवर ठेवून, पापणी न लवू देता बघत होती.

शेवटचं गाणं संपलं. काहीतरी उतरवायचं आहे एवढं त्याच्या मनात होतं. काय, ते आठवेना.

हॉल रिकामा झाल्यावर वहिनी स्टेजवर आली.

"झालं, भाऊजी. काढा आता त्या तारा. घरी जाऊ."

त्याने मागे वळून पाहिलं. ड्रमच्या पलीकडे पाहिलं, बाजूचा पडदा सारून पाहिला.

"कुठे गेला गं धाकटा?" त्याने विचारलं. "माझ्याबरोबरच आला होता ना?"

वहिनीचा हात तोंडाशी गेला. मग तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावरचा गिटारचा पट्टा नीट केला.

"येतील मागाहून," ती म्हणाली. "अहो, तुम्ही चला."