तीन मजल्यांचं वाक्य

"मान जरा डावीकडे... आणि कुबडी दिसू द्या."

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. मायक्रोस्कोपवरचा डोळा न हलवता त्याने विचारलं, "कुबडीची परवानगी घेतलीत?"

मी विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात होते. प्राध्यापकांच्या संशोधनाच्या बातम्या लिहायच्या, फोटो काढायचे आणि चारच्या आत वर्तमानपत्रांना पाठवायचे. नोकरी अजून कच्ची होती. त्या दिवशी ज्यांचा फोटो हवा होता ते सर रजेवर निघाले. शेजारचं दार उघडं होतं, खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात हा वाकून बसला होता.

त्याने मान वर केली आणि मी ओरडलेच, "तुम्ही... फाटकावरचे!"

फाटकावर मोठा बोर्ड होता. हिरवळीवर हसणारे पाच विद्यार्थी, खाली 'इथे सर्वांना जागा आहे'. पाच जण कसे निवडायचे हे आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ठरवून टाकलं होतं. दोन मुली, एक परदेशी, एक खेड्यातला, आणि एक... 'तसा'. मधोमध हा होता, कुबडी पुढे करून.

"विद्यार्थी होतो तेव्हाचा फोटो आहे तो," तो म्हणाला. "आता मी इथे शिकवतो. बोर्डावर मात्र अजून पास झालेलो नाही."

"पण हसताय छान."

"फोटोग्राफर कारंज्यात पडला होता."

मी हसले. मग त्याने एक काचेची बशी पुढे सरकवली. तळाशी तपकिरी, करपल्यासारखं काहीतरी होतं.

"शेवाळ? मेलंय हे."

"घाई नको." त्याने माझ्या हातात ड्रॉपर दिला. मी तो भलताच उंच धरला, तसा त्याने माझा हात धरून खाली आणला. एक थेंब पडला. आवळलेली पानं एकेक करून उलगडली आणि बघता बघता सगळं हिरवं झालं.

"वर्षानुवर्षं कोरडं राहून हे जिवंत कसं राहतं, ते शोधतोय," तो हळूच म्हणाला. "श्वास सोडा आता."

"मी कुठे धरला होता?"

"बातमी लिहिणाऱ्यांनी खोटं बोलू नये, बाई."

त्यानंतर मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या प्रयोगशाळेत जायला कारणं सापडू लागली. कधी एखादा शब्द विचारायचा राहिलेला असायचा, कधी फोटो धूसर आलेला असायचा. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' असा कागद होता, पिवळा पडलेला.

"तुम्ही रोज हे जिने चढता?" मी एकदा धापा टाकत विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत. म्हणजे बहुधा निवृत्तीपर्यंत."

घरी आत्याने बरोबर ओळखलं. "रोज रोज कसलं गं ते शेवाळ? पाय घसरेल हो, जपून!" आणि मग गंभीर होऊन, "नोकरी पक्की होईपर्यंत तोंड मात्र मिटून ठेव."

शेवाळाची बातमी लिहून झाली. मॅडमनी वाचली आणि लाल पेनाने वर एक वाक्य घातलं, 'पायाने अधू असूनही जिद्दीने रोज तीन मजले चढणारा संशोधक'. सोबत फोटो जिन्यातला हवा होता.

"लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"पाणी शेवाळावर पडायचं आहे, मॅडम."

"जास्त बोलू नकोस. तुझी नोकरी पक्की करायची का नाही, ते मीच ठरवणार आहे."

मी जिना चढून वर गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तो खिडकीकडे वळला.

"म्हणजे पुन्हा फाटकावर," तो म्हणाला. "या कुबडीने आजवर एकही प्रयोग केलेला नाही हो. आणि जिद्द कसली? लिफ्ट बंद आहे म्हणून चढतो."

"तेच लिहू?"

तो वळला.

"तीन मजल्यांचं वाक्य ठेवते. फक्त का चढावं लागतं, तेही लिहिते. नाहीतर दोन्ही काढते. तुम्ही सांगाल तसं." मी दम घेतला. "यावेळी विचारतेय... कुबडीची परवानगी आहे का?"

"आणि तुमची नोकरी?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

पहिल्यांदाच त्याने विनोद केला नाही.

"हो. पण शेवाळ आधी."

"शेवाळच आधी."

चारच्या आत बातमी गेली. मग मी स्वतःच मॅडमच्या खोलीत गेले.

"पाठवली. तुमचे तीन मजले ठेवलेत. 'लिफ्ट बंद आहे' एवढं पुढे जोडलंय."

"कुणाला विचारून?"

"ज्यांना चढावं लागतं, त्यांना."

बातमी सगळीकडे छापून आली. त्याच आठवड्यात दुरुस्तीवाले आले आणि त्याच आठवड्यात मला 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. मी टेबल आवरत होते, तेवढ्यात दारात कुबडीचा ओळखीचा आवाज झाला.

"लिफ्टने आलो. आत आरसा आहे, ठाऊक होतं?" मग त्याचा आवाज उतरला. "माझ्यामुळे तुमची नोकरी—"

"थांबा. ते वाक्य माझं आहे. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका."

"मग मी काय घेऊ?"

"ही पिशवी घ्या. जड आहे."

आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. बारीक भुरभुर सुरू झाली होती. बोर्डावरचा तो अजून हसत होता.

"आता पुढे काय?" त्याने विचारलं.

"एका वर्तमानपत्रात बोलावलंय. पहिली बातमी कोणती देणार, असं विचारलं त्यांनी."

"मग?"

"विद्यापीठाच्या बाकीच्या लिफ्ट."

तो मोठ्याने हसला. बोर्डावरच्यापेक्षा कितीतरी छान. मग त्याने पिशवी खांद्यावर अडकवली आणि मोकळा झालेला हात पुढे केला.

"परवानगी... आहे?"

मी हात दिला. कॅमेरा सकाळीच ऑफिसात जमा केला होता. बरंच झालं. हा फोटो त्यांना मिळणार नव्हता.