काचनळीतला हिरवा

शोभेच्या माशांच्या दुकानाच्या दारात तिथे काम करणाऱ्या मुलाशी माझी टक्कर झाली आणि बाबांच्या टाकीतलं बाटलीभर पाणी त्याच्या शर्टभर झालं.

"अहो, ते तपासायला आणलं होतं!"

त्याने ओठावरचा थेंब चाटला. "खारट आहे. पास."

"झालं? एवढंच?"

"बाकीचं घरी येऊन करावं लागेल... बाटली तर तुम्ही रिकामी केलीत."

असा तो आला.

घरात बाबा. मेंदूच्या झटक्यानंतर हात, पाय, जीभ, सगळं थांबलेलं. फक्त डोळे चालतात. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. दिवसभर ते डोळे टाकीतल्या एकाच माशामागे फिरत असतात. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, नऊ वर्षांचा. बोलता येत होतं तेव्हा बाबा त्याला 'साहेब' म्हणायचे.

*टाकीच्या वहीत मी लिहिलं: मीठ ठीक. तापमान सव्वीस. अमोनिया पिवळा.*

त्याने काचनळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं, आणि रंगांच्या कार्डासकट नळी माझ्यापुढे धरली.

"सांगा मॅडम, कोणता?"

"मग तुम्ही कशाला आहात?"

"मी थेंब मोजायला. रंग तुमच्याकडे."

पिवळा म्हणजे पाणी निर्मळ. हिरवा म्हणजे माशाच्या घाणीचं विष, अमोनिया, साठतंय.

"पिवळा," मी म्हटलं.

"सुटलात. आता महिन्याने येतो."

महिना... मी तो कसाबसा काढला.

*वहीत: हिरवट.*
*खरं: पिवळा.*

"जरासा हिरवट वाटतोय..."

तो गंभीर झाला. टाकीतलं चौथा हिस्सा पाणी उपसलं. बादलीत नवं मीठ कालवताना त्याचं कोपर माझ्या कोपराला टेकलं — त्याने काढलं नाही. मीही नाही.

"परवा पुन्हा बघावं लागेल."

"लागेलच," मी म्हटलं. बाबांकडे पाहिलं नाही.

*वहीत: हिरवट.*
*खरं: पिवळा.*

"तुमचं पाणी फार हट्टी आहे हो."

"घरात सगळेच तसे."

*वहीत: हिरवट.*
*खरं: पिवळा.*

*वहीत: हिरवा. साहेब कोपऱ्यात. कल्ले भराभर हलतात.*
*खरं:*

"सारखं पाणी बदललेलं म्हाताऱ्या माशाला सोसत नाही," तो म्हणाला. "पण विष असेल तर इलाज नाही. नीट बघा हं... हिरवाच ना?"

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. मी नळी उजेडात धरली. पिवळा म्हटलं तर परवा तो येणार नाही, एवढंच मला दिसलं.

"हिरवाच."

*शनिवार. तपासणी नाही.*

साहेब वाळूवर आडवे पडले होते. बाबांचे डोळे त्या एका जागी खिळलेले. तो आला, जाळीने साहेबांना अलगद उचललं.

"पाणी चांगलं होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून. तुम्ही यावं म्हणून मी —"

तो खुर्चीत बसला. जाळी ठिबकत राहिली.

"मला हिरवा दिसत नाही," शेवटी तो म्हणाला. "जन्मापासून. पिवळा काय, हिरवा काय, सगळं एकच. दुकानात कळलं तर काम जाईल. म्हणून तुम्हाला विचारायचो."

"मला वाटलं, लाडाने..."

"तेही होतंच."

दोघांपैकी कुणी हसलं नाही. बाबांनी सगळं ऐकलं होतं.

तो उठला, पलंगाशी वाकला. "काका... तुमचा मासा आम्ही दोघांनी मारला. मी पुन्हा यायचं का?"

बाबांचे डोळे टाकीवरून निघाले. त्याच्यावर आले. मग माझ्यावर. मिटले. उघडले.

आम्ही दुसऱ्यांदा मिटण्याची वाट बघत उभे राहिलो. टाकीतला पंप बुडबुडत होता.

ते मिटले नाहीत. रिकाम्या टाकीकडे वळले, आणि तिथे, या काचेपासून त्या काचेपर्यंत, हळूहळू फिरू लागले.