खालचा पाइप थंड होता

भोपाळच्या पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरांतली लाइट गेली, तेव्हा व्हरांड्यातली पोरं बाळकृष्णकाकांना चिकटून बसली. काका म्हणाले, गोपीनाथ कारखान्यात माझ्याच शॉपमधला फिटर. ज्याला खरं-खोटं करायचं असेल, त्यानं आत्ताच घरी जावं. कुणी उठलं नाही.

तेवीस जानेवारी अठ्ठ्याऐंशी, शनिवार. पहिली पाळी संपवून गोपीनाथ रायसेन रोडनं निघाला. पुढच्या एका खेड्यात त्याचा मेव्हणा मास्तर होता. त्याच्याकडे राहिलेल्या सहा वर्षांच्या रवींद्रला आणायचं, एवढंच काम. गाडी जुनी अँबॅसेडर, रेडिएटर ठिबकणारा. ड्रायव्हर लोक करतात तशी त्यानं पाण्यात हळद टाकली, म्हणजे बारीक भोक बुजतं. चमचाभर पुरते, यानं वाटीभर ओतली. कारखान्यातला फिटर, आपल्या गाडीला गॅरेजवाल्याचा हात लागू देईल तर शपथ.

तिथं पोचला, तर पोराला ताप. दिवेलागणीनंतर ताप इतका चढला, की पोर बापाला ओळखेना. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, थांबू नका, भोपाळ गाठा. पोराला मागच्या सीटवर रजईत गुंडाळलं, काचा चढवल्या, दारं लॉक केली.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटमधून वाफ. गोपीनाथनं बॉनेट उघडलं, बॅटरी मारली. पंख्याचा पट्टा ताठ. गळती नाही. तरी उकळतंय. मागे-पुढे एकही गाडी नाही. आत पोर कण्हत होतं, आणि याला काही सुचेना.

"खालच्या पाइपला हात लावा."

आवाज उघड्या बॉनेटच्या पलीकडून आला. मराठीत. त्या रस्त्यावर...

त्यानं हात लावला. वरचा पाइप चटका देणारा. खालचा थंडगार.

"हळद जास्त झाली. जाळी तुंबली. गार होऊ द्या, मग पाणी सोडा."

हा थांबला. दुसरं करणार काय? पाच मिनिटं. दहा. कण्हणं ऐकत उभा.

मग कण्हणं थांबलं.

गोपीनाथ वळला.

"तुम्ही गाडीकडे बघा. मुलाकडे मी आहे."

तो पुन्हा बॉनेटवर वाकला. बॉनेटच्या कडेनं पाण्याचा डबा पुढे आला. धरणारा हात तेवढा दिसला. यानं तळाचा नळ सोडला. पिवळा गाळ पडला. डबा ओतला... पुन्हा डबा आला. पुन्हा ओतला. किती वेळा, ठाऊक नाही. शेवटी पाणी स्वच्छ पडलं. नळ बंद केला, रेडिएटर भरला, बॉनेट आपटलं.

पलीकडे कुणी नव्हतं.

दारं लॉक. काचा वर. पोर निपचित.

पुढचा रस्ता त्याला आठवत नाही. दवाखान्यात नर्सनं रजई सोडली आणि म्हणाली, "बच्चा ठीक है, बुखार उतर रहा है. पट्टी किसने बाँधी?"

रवींद्रच्या कपाळावर ओल्या सुती कापडाची पट्टी होती. मागे गाठ मारलेली, आईनं मारावी तशी, केस न ओढता.



ती पट्टी गोपीनाथच्या घरी दोरीवर वाळत घातली होती. पोरांनो, मे महिना आला... तरी ती ओलीच होती.