जुळ्या मेपलची गाडी

मार्चमधल्या त्या शुक्रवारी सकाळी सिग्ने राउतिओ मऊ फडक्यांचा गठ्ठा काखेत मारून शेडकडे निघाली, ती फक्त गाडीवरची धूळ पुसायला. दुपारी संग्रहालयाच्या थर्लोबाई येणार होत्या. गाडी त्यांच्या पसंतीला उतरली की ती संग्रहालयात जाणार आणि तिच्या मागोमाग सिग्नेही. तिथल्या कार्यशाळेत जुन्या लाकडी गाड्या दुरुस्त करण्याची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली होती. सव्वीस वर्षं तिने या गावात काढली होती. सरोवरावरचा तोच बर्फ, शनिवारचं सौनातलं तेच वाफेचं स्नान, रविवारी कॉफीला तीच आठ म्हातारी माणसं आणि त्यांच्या त्याच तक्रारी. आता पुरे झालं होतं.

रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असे दिवस होते. घरामागच्या राईत मेपलच्या एकशे वीस झाडांना भोकं पाडून बादल्या टांगल्या होत्या आणि पाक करायचा गोड रस थेंबाथेंबाने पत्र्यावर पडत होता. टप... टप... टप. जन्मापासून ऐकलेला आवाज. घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो कानावर पडायचा, पण ऐकू यायचा नाही.

शेडमध्ये गाडी उभी होती. १९४८ सालची स्टेशन वॅगन. पुढचं नाक लोखंडाचं, मागचं सगळं अंग लाकडाचं. मधाच्या रंगाचा मेपलचा सांगाडा आणि त्यात बसवलेल्या महोगनीच्या गडद फळ्या. सिग्नेच्या पणजोबांनी, हैकींनी, ही गाडी रेल्वे स्टेशन ते गाव अशी तीस वर्षं चालवली. गावात नवा डॉक्टर आला तो हिच्यातून, नव्या सुना आल्या त्या हिच्यातून. इस्पितळात जन्मलेली पोरं हिच्यातून घरी आली आणि थंडीत मेलेली माणसं याच गाडीच्या मागच्या फळीवर झोपून चर्चला गेली. मग रेल्वे बंद पडली. गाडी शेडमध्ये गेली आणि मागचा डावा खांब कुजून भुगा झाला.

चार वर्षं सिग्ने तिच्यावर राबली होती. सगळा सांगाडा सुटा केला, एकेका जोडाला नंबर दिला, कुजलेलं तासून काढलं. प्रश्न उरला तो त्या एका खांबाचा. जाणकार माणूस अशा गाडीकडे आधी रंग बघत नाही, लाकडाच्या रेषा बघतो. जुन्या लाकडातली रेष नव्यात शिरताना तुटली की गाडीला ठिगळ लागलं म्हणायचं. तिने पंधरा मेपल तपासले. एकाचीही रेष जुळली नाही. जुळली ती फक्त राईच्या टोकाशी असलेल्या त्या एका झाडाची.

त्या झाडाला हात लावायचा नाही, असं आर्वो आजोबांनी तिला ती पाच वर्षांची असल्यापासून बजावलं होतं. दर मार्चला रसाची पहिली बादली त्याच्या मुळाशी ओतायची, हाही त्यांचाच नेम. का, ते सांगायचं नाही. म्हाताऱ्यांची ही एक खोडच असते. कारण सांगायचं नाही आणि कुणी विचारलं की दुखावलं जायचं. नोव्हेंबरात आजोबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात पडले होते, तेव्हा सिग्नेने ते झाड पाडलं. लाकूड भट्टीत सहा आठवडे वाळवलं, रंधलं आणि खांब बसवला. रेष अशी जुळली की तिचं तिलाच बोट ठेवून जोड शोधावा लागला. आजोबा घरी आले तेव्हा ती म्हणाली, "झाड वाऱ्याने पडलं." आजोबांनी मान हलवली आणि कॉफी मागितली.

तर त्या शुक्रवारी तिने फडकं खांबावरून फिरवलं आणि ते ओलं झालं.

छप्पर गळत असेल म्हणून तिने वर पाहिलं. छप्पर कोरडं होतं. तिने पुन्हा पुसलं. व्हार्निशखालून, जिथे सुईचं भोकही नव्हतं तिथून, पाण्यासारखा स्वच्छ थेंब वर आला, फुगला आणि ओघळला. कॉलेजात ती लाकूडकामच तर शिकली होती. लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र काढून तिने त्याच्या दोन सुया खांबात टेकवल्या. बसवताना आकडा आठ टक्के होता. आता तो चाळीसच्या पुढे गेला होता. एवढा ओलावा फक्त उभ्या, जिवंत झाडात असतो.

ती शेजारच्या खांबाकडे वळली. तो जुना, पंचाहत्तर वर्षांपूर्वी कापलेला. पंचेचाळीस. मग दाराची चौकट, मग छपराच्या कमानी. ऊन खिडकीतून पुढे सरकत होतं आणि त्याच्यापाठोपाठ सगळा सांगाडा पाझरायला लागला होता. तिने बोट लावून जिभेवर टेकवलं. किंचित गोड. भीती वाटायला हवी होती. पण तिला चर्चमध्ये उशिरा शिरल्यासारखं झालं, आणि तिने नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बादली आण," मागून आवाज आला.

आजोबा काठी टेकत दारात उभे होते. चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य.

"आजोबा, हे..."

"वाऱ्याने पडलं म्हणाली होतीस."

तिने फडकं पुन्हा खांबावरून फिरवलं.

"चौऱ्याऐंशी वर्षं मी इथला वारा बघतोय पोरी. वाऱ्याला करवत धरता येत नाही."

ते गाडीच्या मागे गेले. डाव्या बाजूची एक आतली फळी त्यांनी बोटांनी चाचपली आणि खटकन सरकवली. तिच्यामागे सांगाड्याच्या जुन्या पट्टीवर बोटभर रुंदीचा तपकिरी डाग होता. सांगाडा सुटा करताना सिग्नेने तो पाहिला होता, पण गाठ समजून सोडून दिला होता. रसासाठी झाडाला पाडलेलं भोक बुजलं की आत असाच डाग राहतो. त्या डागातून रसाची धार लागली होती. आजोबांनी बादली खाली सरकवली.

"ते झाड जुळं होतं," ते म्हणाले. "एका मुळावर दोन खोडं. त्यातलं एक माझ्या बापाने सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात कापून गाड्यांच्या कारखान्याला दिलं. वर्षभराने स्टेशनसाठी ही गाडी आली. बापाने ही फळी सरकवली आणि तो मटकन खाली बसला. हे भोक त्याने स्वतःच्या हाताने पाडलं होतं. आपलंच झाड घरी परत आलंय म्हणाला. आणि दुसऱ्या खोडाला कुणी हात लावायचा नाही म्हणाला."

"हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितलंत?" सिग्नेचा आवाज चढला. "वीस वर्षं नुसतं हात लावू नकोस, हात लावू नकोस. कारण सांगितलं असतंत तर..."

"ऐकलं असतंस?"

तिने ऐकलं नसतं. हसली असती.

"पण हे लाकूड मेलेलं आहे आजोबा. मी स्वतः वाळवलंय."

"मुळं मेली नाहीत ना. वर काय कापलंय ते मुळांना ठाऊक नसतं. मार्च आला की ती रस सोडतात. इतकी वर्षं तो दुसऱ्या खोडात जायचा. तेही तू इथे आणून जोडलंस." आजोबांनी गाडीकडे मान केली. "आता तो कुठे जाईल?"

शेडची जमीन सिमेंटची होती. राईचं टोक तिथून दोनशे पावलांवर. सिग्नेने खाली वाकून चाकांखाली पाहिलं. सिमेंट खडखडीत कोरडं होतं. तोवर बादली भरली होती.

दुपारी ढग आले, आणि ऊन गेलं की झाडं थांबतात तशी गाडीही थांबली. थर्लोबाई आल्या तेव्हा सिग्नेने शेवटचा थेंब पुसून घेतला होता. बाई उंच, कोरड्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. भिंग घेऊन तासभर त्या गाडीभोवती फिरल्या.

"तुमच्या पत्रात एक खांब नवीन आहे असं होतं. कोणता?"

"मागचा डावा," सिग्ने म्हणाली.

बाईंनी पुन्हा पाहिलं, मग भिंग खिशात घातलं. "थट्टा करताय. हे सगळं एकाच झाडाचं आहे."

"हो," आजोबा कोपऱ्यातून म्हणाले. "एकाच."

बाईंनी कागदांवर सही केली. सिग्नेनेही केली. गाडी ट्रेलरवर चढली आणि ट्रेलर अंगणातून राईच्या कडेने सडकेकडे निघाला. ढग फाटून लख्ख ऊन पडलं होतं. राईतल्या सगळ्या बादल्यांत टपटप सुरू झाली होती.

ट्रेलर राईच्या टोकाशी पोचला आणि आवाज थांबला.

हळूहळू नाही. एकशे वीस बादल्या एकदम गप्प झाल्या. सिग्नेने आयुष्यात पहिल्यांदा भर उन्हात ती राई मुकी ऐकली. जवळच्या झाडाच्या नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो पडेना आणि मागेही जाईना. वारा नव्हता. पाखरू बोलत नव्हतं. जणू एवढी सगळी उभी माणसं श्वास रोखून रस्त्याकडे बघत होती. आजोबांनी टोपी काढली.

"नेऊ दे," ते हलकेच म्हणाले. "तुझी सही झालीये. तू जा... मी बघतो इथलं."

त्यांनी तिला अडवलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर ती नक्की गेली असती. हे तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

ती धावली. गुडघाभर बर्फातून आडवी जाऊन ट्रेलरसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. थर्लोबाईंनी काच खाली केली.

"काय झालं?"

"गाडी परत घ्या."

"मिस राउतिओ, तुमची जागा या गाडीबरोबर आहे. गाडी नाही तर..."

"माहीत आहे मला. परत घ्या."

बाईंना खूप काही बोलायचं होतं. पण सिग्नेच्या खांद्यावरून त्यांची नजर राईकडे गेली आणि तिथेच राहिली. त्यांनाही काहीतरी ऐकू येईनासं झालं होतं. त्यांनी ड्रायव्हरला मागे वळायची खूण केली.

ट्रेलर राईच्या टोकावरून अंगणात वळला तेव्हा लोंबता थेंब पडला. टप. मग दुसऱ्या झाडाचा. मग उतारावरून खालपर्यंत, एकेक करत, सगळी राई बोलू लागली.

मेच्या अखेरीस लाकडी गाडीला वर्षाचं व्हार्निश द्यायचं असतं. रस केव्हाच आटला होता, यंत्रातला आकडा पुन्हा आठवर आला होता आणि सिग्ने या सगळ्याला काहीतरी शास्त्रीय नाव देण्याच्या तयारीत होती. तिने मागच्या खांबाचं टोक पॉलिश पेपरने घासलं. तिथे खोडातली वर्तुळं उघडी दिसतात. दर वर्षाला एक. सगळ्यांत बाहेर एक नवं वर्तुळ होतं. फिकट, ओलसर, नखाइतकं जाड. ते नव्या खांबावरून जुन्या चौकटीवर गेलं होतं. मधला जोड त्याने गिळला होता.

ती गाडीच्या दाराकडे गेली. दार आणि खांब यांच्यामधली फट तिने स्वतः राखली होती. करंगळी जाईल एवढी. आता तिथे पोस्टकार्डही जाईना.

आजोबा गाडीत बसले होते. मार्चपासून ते रोज दुपारी पुढच्या सीटवर कॉफीचा मग घेऊन बसायचे. संध्याकाळी हाक मारली तरच उठायचे, आणि अलीकडे दोन हाका लागायच्या.

"आजोबा, बाहेर या. आत्ता... लगेच."

"का?"

तिने कारण सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग दाराच्या लाकडावरून तळवा फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"यंदा उघडतंय अजून," ते म्हणाले. "पुढच्या मार्चचं पुढच्या मार्चला बघू."

आणि त्यांनी दार आतून ओढून घेतलं. सिग्ने कान देऊन उभी होती. कडी लागल्याचा आवाज आलाच नाही, आणि दार-खांबामधली फट तिला बोट ठेवूनही सापडेना.